घरातील संगणकाची राखण

व्यापारी घराची अब्रू पूर्वी दोन ठिकाणी ठेवलेली असे : एक तिजोरीत आणि दुसरी चोपडीत. तिजोरीची किल्ली घरातील वडीलधाऱ्याच्या कमरेला असे आणि लाल कापडात बांधलेली चोपडी दिवाळीच्या पूजनानंतर नव्या वर्षासाठी उघडली जाई. चोपडी परक्याच्या नजरेस पडू नये, तिच्यात खाडाखोड होऊ नये आणि ती कधी गहाळ होऊ नये, याची काळजी घरातील लहानथोर सारेच घेत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही चोपडी संगणकात गेली. तिजोरीचाही मोठा भाग तिथेच गेला, कारण मुदत ठेवी, समभाग, विमा आणि बँकेचे व्यवहार आता पडद्यावरूनच होतात. राखणीची जुनी शिस्त मात्र त्यांच्याबरोबर संगणकापर्यंत पोहोचली नाही.

नंदुरबारसारख्या दूरच्या जिल्ह्याला या गोष्टीचे काय, असे कोणी म्हणू नये. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील शहादे तालुक्यातील टेंभली या छोट्या गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्या यंत्रणेवर आज देशभरातील बँक खाती, अनुदाने आणि शिधा उभा आहे, तिचा आरंभ सातपुड्याच्या पायथ्याशी झाला. संगणकावर चालणाऱ्या व्यवहारांच्या जगात नंदुरबार पहिल्या दिवसापासून आहे; तेव्हा त्या जगातील चोरही येथे येणारच.

नंदुरबारच्या मिरची बाजारात अडत असलेले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि दुकानामागील खोलीत संगणक दिवसभर चालू असतो. दिवसा मुनीमजी त्यावर उचल, वजन आणि हिशोबपट्ट्या नोंदवतात. दुपारी सूनबाई वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरतात. संध्याकाळी नातू अभ्यासाचे निमित्त सांगून तेथेच खेळ खेळतो आणि रात्री दादाजी आपल्या ठेवींचे व्याज जमा झाले का, ते पाहतात. एकच यंत्र, चार माणसे आणि पासवर्ड एकच. तोही पडद्याच्या कडेला कागदावर लिहून चिकटवलेला. हे घर काल्पनिक असले, तरी ते ओळखीचे वाटणार नाही असा वाचक क्वचितच असेल.

या यंत्रात जे आहे ते सारे त्या घराच्या मालकीचे नाही, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. तळोद्याहून किंवा धडगावच्या डोंगरातून माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात फक्त एक चिठ्ठी असते. त्याने हंगामाआधी किती उचल घेतली, माल किती आला, देणे किती उरले, याचा पूर्ण हिशेब अडत्याच्या संगणकात असतो. तो हिशेब नाहीसा झाला, तर शेतकऱ्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? संगणकाची राखण हा त्यामुळे हौसेचा किंवा तांत्रिक आवडीचा विषय राहत नाही. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव सांभाळण्याचा तो प्रश्न होतो.

शत्रूची ओळख

व्हायरस हा शब्द सर्वांच्या तोंडी असला, तरी त्यात अनेक जातींचे उपद्रव एकत्र केले जातात. खरा व्हायरस हा दुसऱ्या फाइलला चिकटून राहणारा छोटा प्रोग्राम असतो. ती फाइल उघडली की तो जागा होतो आणि इतर फाइलींत स्वतःच्या प्रती करतो. वर्म, म्हणजे किडा, कोणी फाइल उघडण्याचीही वाट पाहत नाही. जाळ्यातून एका यंत्रातून दुसऱ्यात आपला आपण सरकतो. ट्रोजन हा उपयुक्त प्रोग्रामचा वेश घेऊन घरात शिरतो आणि आतून दार उघडून देतो. स्पायवेअर म्हणजे हेर. तो काहीच मोडत नाही. फक्त पाहतो, कोणती कळ दाबली, कोणते संकेतस्थळ उघडले, कोणता पासवर्ड टंकला, आणि ती माहिती गुपचूप बाहेर पाठवतो. रॅन्समवेअर हा खंडणीखोर. तो सर्व फाइलींना स्वतःचे कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो.

यांतील हेर सर्वांत घातक मानावा, कारण त्याच्या येण्याची कुणकुण लागत नाही. यंत्र मंद झाले, पडद्यावर जाहिराती उसळू लागल्या, ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलले, तर शंका घ्यायला जागा असते. पण चांगला हेर अशी कोणतीही खूण सोडत नाही. खात्यातून रक्कम गेल्यावरच तो होता हे कळते.

या रोगाचा इतिहास फार जुना नाही. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस समजला जातो. त्यांनी त्यात आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता. ज्या काळी व्हायरस लिहिणारा आपला पत्ता देत असे, तो काळ आज भाबडा वाटतो. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा किडा प्रेमपत्राच्या मिषाने जगभर पसरला, आणि त्या देशात अशा कृत्यासाठी कायदाच नसल्याने तो लिहिणाऱ्याला शिक्षा होऊ शकली नाही. भारतात त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान अधिनियम संमत झाला आणि १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात व्हायरस घालणे हा त्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येणारा विषय आहे; अप्रामाणिक हेतू असल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पुण्यातील दोन गोष्टी

महाराष्ट्रातील वाचकाने या संदर्भात पुण्यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक उभारणीची आहे आणि दुसरी हानीची.

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कामाला लागले. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करता करता ते संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले. ग्राहकांची यंत्रे पुन्हा पुन्हा व्हायरसने बिघडून येत. धाकटे बंधू संजय त्या वेळी संगणकशास्त्र शिकत होते. त्या काळी गाजत असलेला ‘मायकेलँजेलो’ हा व्हायरस दर वर्षी ६ मार्चला जागा होऊन डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकत असे. अशा उपद्रवांवर संजय यांनी उतारे लिहायला घेतले आणि त्यातूनच ‘क्विक हील’ हे उत्पादन उभे राहिले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. हा उल्लेख कोणत्याही उत्पादनाच्या शिफारशीसाठी नाही. यंत्र दुरुस्त करून देणे आणि ते पुन्हा बिघडू नये असे करणे यांतील फरक एका दुरुस्तीच्या दुकानाला कळला आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला, एवढेच येथे सांगायचे आहे.

दुसरी गोष्ट कॉसमॉस सहकारी बँकेची. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या जुन्या बँकेच्या एटीएम व्यवस्थेत मालवेअर शिरले. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एकूण हानी ९४ कोटींच्या घरात गेली. खातेदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने त्या वेळी जाहीर केले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरवून शिक्षा सुनावली.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेला विचारते, ‘या खात्यात रक्कम आहे का, देऊ का?’ बँकेची मध्यवर्ती यंत्रणा खाते तपासून होकार किंवा नकार देते. चोरांनी या दोहोंच्या मधे आपली बनावट यंत्रणा बसवली. प्रश्न खऱ्या तपासणाऱ्यापर्यंत पोहोचतच नव्हता. मधला तोतया प्रत्येक वेळी ‘द्या’ म्हणत होता. तपासणीची जागाच शत्रूच्या हाती गेली, तर बाकी सारे नियम पाळूनही तिजोरी रिकामी होते. घरातील संगणकातही हेच घडते. चांगला ट्रोजन आत आल्यावर पहिले काम कोणते करत असेल, तर अँटीव्हायरस बंद करण्याचे. म्हणून पहारेकरी नेमल्यानंतर तो जागा आहे की नाही, हेही अधूनमधून पाहावे लागते.

शिरकाव कोठून होतो

जिल्ह्याच्या गावांत सर्वांत रुळलेली वाट पेन ड्राइव्हची आहे. झेरॉक्सच्या दुकानात कागद छापायला नेलेला, लग्नाचे फोटो आणायला छायाचित्रकाराकडे दिलेला पेन ड्राइव्ह परत येतो तेव्हा त्यातील फाइलींच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात. त्यावर टिचकी मारली की रोग घरात आला.

दुसरी वाट चोरीच्या सॉफ्टवेअरची. संगणक जुळवून देणारा ‘विंडोज फुकट टाकून देतो’ म्हणतो, कोणी हिशेबाच्या प्रोग्रामचे कुलूप तोडून आणून देतो. कुलूप तोडणाऱ्याने ते परोपकारबुद्धीने तोडलेले नसते. त्या प्रतीत बहुधा त्याची स्वतःची चोरवाट असते. शिवाय न दिलेली वस्तू न घेण्याचा संस्कार ज्या घरांत लहानपणापासून होतो, त्यांनी ही वस्तूही त्याच मापाने मोजावी. जे मोफतच हवे असेल त्यासाठी लिबरऑफिससारखी कायदेशीर मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत.

तिसरी वाट ई-मेल आणि व्हॉट्सॲपची. आयकराची नोटीस, कुरिअरची पावती, वीजबिलाची थकबाकी अशा नावांनी फाइली येतात. अलीकडे लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल मोबाइलवर येऊ लागली आहे. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. एपीके हा फोनमध्ये बसणारा प्रोग्राम असतो. ज्या समाजात पत्रिका आली की उघडून पाहणे हा शिष्टाचार आहे, तेथे हे आमिष चपखल बसते. पाठवणारा ओळखीचा आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. त्याचाच फोन आधी पकडला गेलेला असू शकतो. शंका असेल तर दोन मिनिटे फोन करून ‘आपणच पाठवली का?’ असे विचारावे.

चौथी वाट आपण स्वतः उघडून दिलेली असते. पडद्यावर लाल चौकट येते : ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.’ फोन केला की पलीकडचा मधुर भाषेत दूरनियंत्रणाचे एखादे ॲप बसवायला सांगतो. एनीडेस्कसारखी अशी ॲप्स मूळची प्रामाणिक कामासाठी बनलेली आहेत, पण त्यांच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. कोणतीही बँक किंवा सॉफ्टवेअर कंपनी पडद्यावर चौकट टाकून फोन करायला सांगत नाही.

आणि पाचवी वाट आळसाची. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोराने जगभरातील यंत्रे कुलूपबंद केली आणि प्रत्येकाकडे ३०० डॉलर मागितले. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच प्रसिद्ध केला होता. जवळजवळ दोन महिने मिळूनही ज्यांनी अपडेट केले नाही, तेच बहुतांशी सापडले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. त्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. परदेशातील हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे आपल्या किनाऱ्यावर कंटेनर अडकतात, इतके हे जग आता एकमेकांत गुंतले आहे.

बँकेची शिस्त, घरच्या यंत्राला

बँकेच्या शाखेत राखणीचे काही नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ते संगणकाच्या आधीचे आहेत, तरी घरच्या संगणकाला जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला नियम अधिकारांच्या मर्यादेचा. लिपिकाला जे अधिकार असतात ते अधिकाऱ्याचे नसतात. संगणकातही प्रशासकाचे खाते वेगळे ठेवावे आणि रोजच्या कामासाठी प्रत्येकाला मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते द्यावे. नातवाच्या खात्यातून खेळाबरोबर काही नको ते आले, तरी प्रशासकाच्या पासवर्डावाचून ते सहसा पुढे जाऊ शकत नाही. हिशेबाचे यंत्र आणि खेळाचे यंत्र वेगळे ठेवणे परवडत असेल, तर त्याहून उत्तम.

नातू कधी तरी विचारतोच, “दादाजी, माझ्यावर विश्वास नाही का?” त्यावर शांतपणे सांगावे, “बाळा, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, ते दोघेही चोर आहेत म्हणून नव्हे. एकावर बळजबरी झाली, तरी तिजोरी उघडू नये म्हणून.”

दुसरा नियम याच दोन किल्ल्यांचा. पासवर्ड ही एक किल्ली. मोबाइलवर येणारा किंवा ॲपमध्ये दिसणारा एकवेळचा सांकेतांक ही दुसरी. ई-मेल, बँक आणि कराच्या खात्यांना ही दुहेरी व्यवस्था सुरू करावी. पासवर्ड लांब असावा, प्रत्येक ठिकाणी निराळा असावा. लक्षात राहत नसतील तर वहीत लिहून ती वही कपाटात कुलपाखाली ठेवावी. पडद्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीपेक्षा ते कितीतरी बरे. विवरणपत्रांसाठीचे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन काम झाल्यावर यंत्रातून काढून ठेवावे. ती आपली सही आहे, आणि कोऱ्या कागदावर सही करून कोणी दुकानात सोडून जात नाही.

तिसरा नियम दुसऱ्या संचाचा. शाखेच्या तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा संच त्याच शाखेत ठेवत नाहीत, तो दुसऱ्या शाखेत ठेवतात. हिशेबाच्या फाइलींचीही प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि प्रत घेतल्यावर ती डिस्क यंत्रापासून तोडून ठेवावी. सतत जोडलेल्या डिस्कला खंडणीखोर मूळ फाइलींबरोबरच कुलूप घालतो. दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात, त्यांतील एक नातलगाच्या घरी असावी. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर उघडते का, हेही पाहावे.

चौथा नियम पहाऱ्याचा. विंडोजमध्ये डिफेंडर हा पहारेकरी आधीपासूनच असतो. तो चालू असेल आणि रोज अद्ययावत होत असेल, तर घरासाठी चांगले काम देतो. विकत घ्यायचा तर मान्यताप्राप्त कंपनीचा एकच अँटीव्हायरस घ्यावा. दोन एकाच वेळी बसवले तर ते परस्परांशी भांडत बसतात आणि यंत्र मंदावते. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने फेब्रुवारी २०१७ पासून मोफत सफाईची साधने उपलब्ध करून दिली आहेत, तीही वापरता येतात. सर्व अपडेट आपोआप होऊ द्यावेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज ७ चा तर जानेवारी २०२० मध्येच. अशा जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे खिडक्या उघड्या ठेवून दाराला कुलूप लावणे होय. घरच्या वाय-फाय यंत्राचा कारखान्यातून आलेला पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलावा.

पाचवा नियम जुळणीचा. रोकड जुळल्याशिवाय शाखेतून कोणी घरी जात नाही. घरातील खात्यांचे लघुसंदेश रोज वाचावेत, महिन्याचा उतारा ओळीने तपासावा. दहा-वीस रुपयांची अनोळखी वजावटही सोडू नये. मोठ्या चोरीपूर्वीची ती चाचपणी असू शकते.

घडलेच तर

इतके करूनही कधी घात होतो. तेव्हा पहिल्या काही मिनिटांना फार मोल असते. प्रथम यंत्राचे इंटरनेट तोडावे. नंतर दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदलावेत; बाधित यंत्रावर बदलले तर नवा पासवर्डही हेराच्या हाती जातो. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकाला लगेच कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता तासागणिक कमी होते.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रसंगी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास ठराविक मर्यादेपर्यंतच पडतो. मात्र ग्राहकाने स्वतः सांकेतांक दिला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतची हानी त्याचीच मानली जाते. कळवल्यानंतरची हानी बँकेची. तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

येथेच घरातील वडीलधाऱ्यांची मोठी कसोटी लागते. ज्येष्ठ माणूस फसला की तो लाजेने गप्प बसतो. मुले रागावतील, समाजात हसू होईल, या भीतीने दोन-तीन दिवस काढतो, आणि नेमके तेच दिवस हातचे जातात. नातवाने नको ती फाइल उघडली, तर तोही मार बसेल म्हणून लपवतो. ज्या घरात चूक सांगणाऱ्याला आधी पाण्याचा पेला आणि मग प्रश्न मिळतो, त्या घरात वेळेवर खबर लागते. कोणत्याही अँटीव्हायरसपेक्षा ही सवय अधिक उपयोगाची आहे, आणि तिला पैसेही पडत नाहीत.

येत्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसून एवढे करावे : पडद्यावरची चिठ्ठी काढावी, प्रत्येकाचे खाते वेगळे करावे, हिशेबाची एक प्रत घेऊन डिस्क कपाटात ठेवावी आणि १९३० हा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये नोंदवावा. तासा-दीड तासाचे काम आहे. सोमवारी सकाळी डोंगरातून माल घेऊन आलेला शेतकरी काट्याजवळ उभा राहील, तेव्हा त्याचा हिशेब जागच्या जागी असेल.